शाळेत पोलीस यावा, पण कशासाठी?

(मिशनच्या पाठीराख्यांच्या पिंपरी येथील सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलायला विषय दिला आहे 'शाळा आणि पोलीस'. आदिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या मिशनच्या सभेत हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. आपण वह्या-पुस्तके देतो, वसतिगृहाला धान्य देतो, मुलांसाठी प्रार्थना करतो. पोलिसांचा यात काय संबंध?

संबंध असा. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांतली ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबे कामासाठी खाली उतरतात. कुणी वीटभट्टीवर जाते, कुणी बांधकामावर, कुणी चाकण, महाळुंगे, कुरुळी, निघोजे इथे कंपनीच्या गेटबाहेर कंत्राटदाराच्या हाताखाली. एका खोलीत सहा-सात माणसे राहतात. मुले जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जातात. आईबाप दोघे कामावर असतात, त्यामुळे शाळेत काही झाले तर मुलाच्या बाजूने बोलायला कुणीच नसते. अशा मुलासमोर पोलीस उभा राहिला तर काय होते, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला पालकांना ठाण्यात ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वेरुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी शासनाने शाळांसाठी आदेश काढला : सीसीटीव्ही लावा, कर्मचाऱ्यांची पूर्वचारित्र्य पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती नेमा. त्यानंतर आपल्या मंडळीतल्याही कितीतरी आयांनी मला विचारले, "ताई, प्रत्येक शाळेत एक पोलीसच का नाही बसवत?" दुसरीकडे वस्तीतल्या आया मला म्हणतात, "बाई, काही करा, पण शाळेत पोलीस नको." दोघी आईच आहेत, आणि दोघींची भीती खरी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगते. पोलीस शाळेत यावा, पण मुलांच्या ओळखीचा माणूस म्हणून, गुन्हा घडण्याआधी यावा. शिक्षकांचा शिस्तीचा दंडुका म्हणून येऊ नये. आणि तो मुलाशी बोलत असताना मुलाच्या शेजारी त्याचे स्वतःचे कुणीतरी बसलेले असावे. ते कुणीतरी होणे हे आपल्या मंडळीचे काम आहे.

आधी आपल्याकडे काय व्यवस्था आहे ते पाहू. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले, आणि चाकणचा पट्टाही त्यात आला. अमेरिकेसारखा शाळेत कायमचा नेमलेला पोलीस आपल्याकडे नसतो. आपल्याकडे दामिनी पथक असते, ज्यातल्या महिला पोलीस शाळा-कॉलेजच्या परिसरात गस्त घालतात. पुणे पोलिसांची 'पोलीस काका' ही कल्पना तुम्ही ऐकली असेल : शाळेसाठी एक ठरावीक पोलीस, ज्याचे नाव आणि फोन नंबर मुलांना माहीत असतो. केरळमध्ये २०१० साली 'स्टुडंट पोलीस कॅडेट' ही योजना सुरू झाली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती आठवी-नववीच्या मुलांसाठी देशभर नेली. त्यात मुले कवायत करतात, कायदा शिकतात, पोलीस ठाणे आतून पाहतात.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा माणूस मात्र कुणाला ठाऊक नसतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो, सहायक उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा. मुलांची प्रकरणे त्याने हाताळायची. जिल्हा पातळीवर विशेष बाल पोलीस पथक असते, आणि त्या पथकात दोन समाजसेवक असावेत, त्यातली एक स्त्री असावी, असे कायदा सांगतो. म्हणजे पोलीस आणि समाजसेवक यांनी एकत्र बसावे, हे कायद्यानेच मानले आहे. या अधिकाऱ्याने मुलांशी वागताना साध्या कपड्यात असावे, गणवेशात नव्हे, असेही नियमांत आहे.

साध्या कपड्यांची ही अट कुणाला किरकोळ वाटेल. आपल्या मुलांच्या दृष्टीने ती किरकोळ नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे तो पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना लागू झाला. या घरांत मूल जन्माला येताच सरकारच्या लेखी गुन्हेगार ठरत असे. मोठ्या माणसांना पोलिसांसमोर हजेरी द्यावी लागे. कित्येकांना तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवले गेले. हेही आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की देशात अशा काही वसाहती मिशनरी संस्थांनी चालवल्या, सॅल्व्हेशन आर्मी त्यांत होती. तिथे शाळा होती, हाताला काम होते, प्रार्थना होती, आणि हजेरीही होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याला सत्तर वर्षे उलटली, तरी गावात चोरी झाली की पारध्याच्या पालाकडे आधी बोट जाते. कातकरी कुटुंबाची भीती जराशी वेगळी आहे. भट्टीची उचल फिटली नाही की मालक म्हणतो, "पोलिसात देईन." त्या घरातल्या लहान लेकराला पोलीस हा शब्द कळतो तो असा. गणवेश पाहून ते मूल गप्प होते, आणि त्या गप्प बसण्यालाच पुढे गुन्ह्याची कबुली समजले जाते.

एक उदाहरण सांगते. शाळेचे, गावाचे, मुलाचे नाव घेणार नाही. आठवीतला ठाकर समाजाचा मुलगा. एके दिवशी वर्गशिक्षकांचा मोबाईल सापडेना. 'बाहेरून आलेल्या' तीन मुलांना उभे केले. दप्तरे वर्गासमोर ओतली. काही मिळाले नाही. मग ओळखीच्या हवालदारांना फोन गेला. ते गणवेशात आले, त्यातल्या एका मुलाला मोटरसायकलवर बसवून घेऊन गेले. संध्याकाळी बाप कामावरून सुटून पोहोचला तेव्हा त्याला सोडले. मारले नाही, तेवढे खरे. कुठे काही लिहिलेही नाही. दुसऱ्या दिवशी मोबाईल शाळेतल्याच एका कपाटात मिळाला.

मी घरी गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, "बाई, पोरगं चोर नाही हे आम्हाला ठावं आहे. पण चाळीतल्या समद्यांनी त्याला पोलिसाच्या गाडीवर बघितलं." मुलगा शाळेत परत गेला नाही. शिक्षक वाईट नव्हते. त्यांनी नंतर दोनदा निरोप पाठवला. पण मुलगा तोवर चहाच्या टपरीवर लागला होता. पुढे आमच्या कार्यकर्त्यांनी पिच्छा पुरवला आणि १७ नंबरचा फॉर्म भरून तो बाहेरून दहावीला बसला. पास झाला. पण शाळेतली ती दोन वर्षे, खेळ, सोबती, दुपारचे जेवण, ते सगळे गेले ते गेलेच.

आता या प्रसंगात कायदा काय सांगतो ते पाहा. चोरीच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे, म्हणून मुलांच्या बाबतीत तो किरकोळ गुन्ह्यात मोडतो. अशा प्रकरणात, मोठे माणूस सामील नसेल तर, एफआयआर नोंदवायचाच नाही. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने ठाण्याच्या डायरीत नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करायचा आणि तो बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. मुलाला ताब्यात घेणे हे गंभीरातल्या गंभीर गुन्ह्यासाठी आहे, किंवा मुलाच्याच हितासाठी. घेतलेच तर आईवडिलांना कळवायचे, बेडी घालायची नाही, कोठडीत ठेवायचे नाही, आणि चोवीस तासांच्या आत मंडळासमोर उभे करायचे. वर्गातून गाडीवर बसवून नेणे यात कुठेच बसत नाही. शिक्षकांना हे माहीत नव्हते, हवालदारांनी विचारात घेतले नाही, आणि बापाने विचारले नाही, कारण विचारता येते हेच त्याला ठाऊक नव्हते.

मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरला एका श्रीमंत घरातल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव गेला. काही तासांत त्याला जामीन मिळाला, आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याची बातमी देशभर गाजली. लोक म्हणाले, मुलांसाठीचा कायदा फार मऊ आहे. मला तेव्हा हा आठवीतला मुलगा आठवला. कायद्यातला तो मऊपणा त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. मोठ्या घरच्या मुलाजवळ वकील असतो. आपल्या मुलाजवळ कुणी नसते. कायदा दोघांना एकच आहे.

आता दुसरी बाजू सांगते, कारण पोलिसांना नुसते बोल लावण्यासाठी मी इथे उभी नाही. एका शाळेत एक महिला पोलीस महिन्या-दोन महिन्यांनी येत असत. साध्या सलवार-कमीजमध्ये. मुलींबरोबर जमिनीवर बसत, हसत-बोलत. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श, १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर, असे सांगत. पहिल्या दोन भेटींत आमच्या वस्तीतल्या मुली मागच्या रांगेत तोंड लपवून बसल्या होत्या. तिसऱ्या वेळी त्यातली एक मुलगी त्यांच्या मागे मागे फाटकापर्यंत गेली आणि तिने आपल्यावर काय गुदरते आहे ते सांगितले. त्रास देणारा माणूस घराच्या ओळखीतला होता. यापलीकडे तिची काहीच ओळख मी देणार नाही; कायदाही ती द्यायला मनाई करतो.

पुढे सगळे नीट झाले. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तसाच तो घेतला गेला, मावशीच्या घरी, मावशीच्या शेजारी बसून. मुलीला ठाण्याची पायरी चढावी लागली नाही. बाल कल्याण समितीला चोवीस तासांत कळवले गेले. ती मुलगी आजही शाळेत जाते. मी तिला पुढे विचारले, "त्यांनाच का सांगितलंस?" ती म्हणाली, "त्या पहिल्यापासून येत होत्या ना."

माझे सगळे म्हणणे त्या मुलीच्या उत्तरात आले आहे. आधी येत राहणे महत्त्वाचे. गुन्हा झाल्यावर पहिल्यांदा आलेल्या माणसाला मूल काही सांगत नाही.

बंदूक घेतलेला पोलीस शाळेच्या दारात बसवला म्हणजे मुले सुरक्षित झाली, असेही समजू नका. अमेरिकेत शाळांमध्ये पोलीस नेमायची पद्धत गेल्या शतकाच्या मध्यापासून आहे. टेक्सासमधल्या उवाल्डी गावात २४ मे २०२२ रोजी एका बंदूकधाऱ्याने शाळेत शिरून १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या. त्या दिवशी तिथे ३७६ पोलीस आणि सुरक्षा अधिकारी जमले होते, तरी ७७ मिनिटे बंदूकधाऱ्याला कुणी आवरले नाही. त्याआधी २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर मिनियापोलिसच्या शाळा मंडळाने शहर पोलिसांबरोबरचा करारच संपवला. कृष्णवर्णीय मुलांना वर्गातल्या क्षुल्लक खोड्यांसाठी पोलिसांच्या हवाली केले जाते, ही तिथली जुनी तक्रार आहे. आपल्याकडचे 'बाहेरचे' मूल आणि तिथले काळे मूल यांत मला फार फरक दिसत नाही.

आणि आपल्या भागातली भीतीही मी झाकणार नाही. कोयते घेऊन गाड्या फोडणारी पोरे, त्यांच्या रील, त्यांच्यामागे फिरणारी सातवी-आठवीतली मुले आपण चिंचवडमध्ये, चिखलीत, भोसरीत पाहतो. पोलीस त्यांना आवरतात तेव्हा आपल्याला हायसे वाटते, आणि त्यात चूक काही नाही. पण त्या टोळीत ओढला जाणारा मुलगा बहुतेक वेळा शाळेतून आधीच सुटलेला असतो. त्याला चोर म्हणून शाळेबाहेर काढले तर त्याचा तिकडचा रस्ता आपणच सोपा करतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि आम्ही काय करावे असे विचारतात. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. जुलूम सोडा, खोटा आळ घेणे सोडा, असे सांगतो. म्हणजे शिपाई असणे पाप नाही, आणि शिपायाला कसे वागावे हे विचारायचा व सांगायचा हक्क लोकांना आहे. पोलिसांशी बोलताना आपलाही सूर तसाच असावा. त्यांच्यापैकी कितीतरी जण आपल्यासारखेच भाड्याच्या घरात राहतात, बंदोबस्ताने थकतात, त्यांचीही मुले शाळेत जातात. मुलांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यावर दहा दुसरी कामे टाकली जातात, हे मी पाहिले आहे. आपण सन्मानाने गेलो तर बहुतेक जण सन्मानाने ऐकतात.

मग आपण काय करायचे? पाच गोष्टी सांगते.

पहिली. आपापल्या भागातल्या पोलीस ठाण्यात दोघा-तिघांनी मिळून जा आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा. नाव आणि नंबर लिहून घ्या आणि शाळेला कळवा. मुलांशी ओळख व्हावी म्हणून त्यांना वर्षातून काही वेळा साध्या कपड्यात शाळेत बोलवा.

दुसरी. शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक असतात. तिथे एक ठराव मांडा : मुलाची झडती वर्गासमोर घ्यायची नाही, आणि पालकांना बोलावल्याशिवाय कुठल्याही मुलाला चौकशीसाठी पोलिसांबरोबर पाठवायचे नाही. मारामारी, शिवीगाळ, हरवलेली वस्तू हे शिक्षकांनी सोडवायचे. पण लैंगिक अत्याचार असेल तर तो घरातल्या घरात, शाळेतल्या शाळेत मिटवायचा नाही. पॉक्सोखाली तो पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. बदलापूरला शाळेच्या चालकांवर त्यासाठीही गुन्हा नोंदला गेला.

तिसरी. हे आपल्या घरालाही लागू आहे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांचा नेहमी संबंध येतो अशा संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची आहे. आपले वसतिगृह त्यात येते. संडे स्कूल, सुट्टीतली शिबिरे, मुलांना ने-आण करणारा ड्रायव्हर, यांनाही आपण तोच नियम लावू या. 'आपलाच माणूस आहे' हे उत्तर पुरेसे नाही.

चौथी. बाल न्याय मंडळ येरवड्याला बसते. चाकणहून तिथे जायचे म्हणजे मजुराचा एक दिवसाचा पगार बुडतो, वर दोघांचे भाडे. एक तारीख चुकली की प्रकरण लांबते. आपल्या देणगीतून असा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी, अशी माझी मिशनला विनंती आहे. वकिलासाठी पैसे लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मुलांना, स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असले तरी वकील मोफत मिळतो. राजगुरुनगरच्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा पुण्याच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. अर्ज लिहून द्यायला मात्र लिहिता येणारे माणूस लागते, आणि ते या सभागृहात पुष्कळ आहेत.

पाचवी आणि सर्वांत अवघड. मुलाच्या शेजारी बसायला माणसे हवीत. रात्री आठ वाजता ठाण्यातून फोन आला, बाप दुसऱ्या पाळीला आहे, आई घाबरली आहे, तेव्हा चपला घालून निघणारे कुणी हवे. तिथे जाऊन भांडायचे नाही. बाकावर मुलाच्या बाजूला बसायचे, त्याला पाणी द्यायचे, अधिकाऱ्यांना नम्रपणे विचारायचे की याची नोंद झाली का, घरी कधी सोडणार. तुम्ही तिथे बसलेले आहात एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. मी तो फरक वारंवार पाहिला आहे.

आज सभेनंतर दाराजवळ एक वही ठेवली आहे. ज्यांना या कामासाठी महिन्यातली एक संध्याकाळ देता येईल त्यांनी नाव, राहण्याचा भाग आणि फोन लिहावा. चाकण, महाळुंगे, भोसरी आणि निगडी या चार भागांत निदान चार-चार माणसे मिळाली तर पुढच्या शैक्षणिक वर्षापासून आपण सुरुवात करू शकतो. पुरुषांनीही नावे द्यावीत. हे काम फक्त महिला मंडळाचे नाही.

 प्रभू आपल्या लेकरांना सांभाळो, आणि त्यांना सांभाळण्यात आपल्यालाही वाटा देवो. आमेन.